पांढऱ्या थाळीतला सूर्य: दुर्बिणीतून काय पाहावे, कधी पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. १५० मिलिमीटर आरशाची, ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटनियन दुर्बीण घेतली, तोंडावर सोलर फिल्म बसवली आणि दुपारी एकच्या सुमारास गच्चीवरून सूर्य पाहिला. दिसली ती नुसती पांढरी थाळी आणि उकळत्या पाण्यात पडल्यासारखे थरथरणारे दोन-तीन काळे ठिपके. छायाचित्रांतल्या लाल ज्वाळा कुठे गेल्या? फिल्टर बदलायचा, की मोठी दुर्बीण घ्यायची?

दोन्ही नको. पाहण्याची वेळ बदला आणि हातात पेन्सिल घ्या. तुमच्याकडे आहे त्या दुर्बिणीतून सूर्याचे इतके काही दिसते की पहिली दोन वर्षे तुम्हाला दुसरे काही लागणार नाही. मी गेली सव्वीस वर्षे पावसाळा सोडून जवळजवळ रोज सकाळी सूर्य पाहतो आहे, आणि त्यातली पहिली नऊ वर्षे माझी दुर्बीण तुमच्यापेक्षा लहान होती.

आधी डोळ्यांचे. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या तोंडाला हवा, म्हणजे उजेड जिथून आत शिरतो तिथे. तुमची फिल्म ५.० घनतेची आहे ना, हे पाकिटावर पाहून घ्या. ती एक लाखातला एकच भाग उजेड आत सोडते. ३.८ घनतेचीही फिल्म मिळते, पण ती फक्त कॅमेऱ्यासाठी असते. तिच्यातून सुमारे सोळापट जास्त उजेड येतो, तिला डोळा लावायचा नाही. दर वेळी बसवण्याआधी फिल्म प्रखर दिव्यासमोर धरून भोके, ओरखडे तपासा. फिल्म सैल आणि थोडी सुरकुतलेली असली तर बिघडत नाही, उलट ताणून बसवली तर प्रतिमा बिघडते. वाऱ्याने कड निघणार नाही अशी चिकटपट्टी तीन बाजूंनी लावा. मोठ्या नळीवर नेम धरायला बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीला दोन्ही टोकांनी टोपी घाला, किंवा ती काढूनच ठेवा, कारण लहान पोरे आधी तिलाच डोळा लावतात. ग्रहणाचा चष्मा घालून उघड्या दुर्बिणीतून पाहणे, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यांतले काहीही चालत नाही.

काही जुन्या दुर्बिणींसोबत नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मागे फिरवून बसवायची एक गडद हिरवट काच येते. ती फोडून टाका, कुणाला देऊही नका. कॉलेजात असताना उसन्या आणलेल्या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला मी ती लावली होती. दहा मिनिटे छान दिसले. वहीत वेळ लिहायला मी मान वळवली आणि ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. काच मधोमध तडकली होती. वही समोर धरली तर पानावर पांढरीशुभ्र, झगझगीत रेघ उमटली. क्षणभर आधी तिथे माझा उजवा डोळा होता. पुढच्या मोठ्या भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या काचेवर येऊन पडते, ती तडकणारच. आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे डोळा भाजला हे काही तासांनी, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात डाग दिसायला लागल्यावर कळते. म्हणून दुर्बीण सूर्याकडे वळलेली असताना तिला एकटी सोडून चहालासुद्धा जायचे नाही.

सूर्य शोधण्यासाठी आकाशाकडे पाहायची गरज नाही. जमिनीवर पडणारी दुर्बिणीची सावली पाहा. नळीची सावली आखूड होत होत गोल झाली की सूर्य नेत्रिकेत आलेला असतो.

आता हवेचे, कारण तुमचा खरा अडसर तोच आहे. दुपारी एक वाजता सिमेंटची गच्ची तव्यासारखी तापलेली असते. तिच्यावरून उठणारी गरम हवा दुर्बिणीच्या तोंडापुढूनच वर जाते आणि प्रतिमा नाचते. शेजारी पत्र्याचे छप्पर असेल तर बोलायलाच नको. दीडशे मिलिमीटरच्या दुर्बिणीत पाऊण सेकंद कोनापर्यंतचा बारकावा दाखवायची ताकद असते (सेकंद कोन म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग). दुपारची हवा त्यातले निम्मेसुद्धा हाती लागू देत नाही. अशा वेळी दुर्बीण मोठी घेतली तर फक्त थरथराट मोठा दिसेल.

आपल्याकडची चांगली वेळ म्हणजे सूर्योदयानंतर दीड तासापासून साधारण तीन तासांपर्यंत. त्याआधी सूर्य फार खाली असतो आणि हवेचा जाड थर आडवा येतो, त्यानंतर जमीन तापते. शक्य असेल तर गच्ची सोडून गवतावर, शेताच्या बांधावर किंवा तळ्याच्या काठी जा. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली आहे ती याच कारणासाठी. पाणी जमिनीसारखे झटकन तापत नाही, त्यामुळे त्यावरची हवा स्थिर राहते. गच्चीशिवाय इलाजच नसेल तर आदल्या संध्याकाळी नव्हे, त्याच सकाळी लवकर फरशीवर पाणी मारा, दुर्बिणीखाली ओले गोणपाट अंथरा आणि नळी अर्धा तास आधी सावलीत बाहेर काढून ठेवा. हिवाळ्यात धुरकट, पांढुरके आकाश असले की लोक दुर्बीण काढत नाहीत. मी तर मुद्दाम काढतो. अशा सकाळी हवा बहुतेक वेळा संथ असते, आणि सूर्याला उजेडाची कमतरता कधीच नसते.

एक काळे, जाड कापड सोबत ठेवा. जुन्या फोटो स्टुडिओतला फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे डोके घालायचा, तसे डोके आणि नेत्रिका मिळून झाकून घ्या. डोळा अंधाराला दोन-तीन मिनिटांत सरावतो आणि मगाचची कोरी थाळी भरायला लागते. मी एखाद्या नवख्याला सूर्य दाखवतो तेव्हा नेहमी आधी कापडाशिवाय दाखवतो, मग कापड टाकतो. “अरे, हे आत्ता कुठून आलं?” हे वाक्य हमखास ऐकू येते.

आता काय पाहायचे ते. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की तुम्हाला ३० पट मोठे दिसेल आणि पूर्ण सूर्य आरामात मावेल. पहिल्यांदा डाग पाहू नका, थाळीच पाहा. मध्यभाग जास्त उजळ आणि कड मंद, किंचित पिवळट दिसते ना? कडेला आपली नजर दीप्तिगोलाच्या, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या, वरच्या, तुलनेने थंड थरापर्यंतच पोहोचते, मध्यावर ती खोल जाते. म्हणजे ती थाळी नाही, वायूचा गोळा आहे, हे कडच सांगते. त्याच मंद कडेजवळ डोळा बारीक करून पाहा. चुरगळलेल्या फिक्या धाग्यांसारखे उजळ पट्टे दिसतील, त्यांना फॅक्युले म्हणतात. ते मध्यावर आले की पार्श्वभूमीच्या उजेडात हरवतात. पूर्वेच्या कडेवर फॅक्युल्यांचा मोठा पुंजका दिसला तर एक-दोन दिवसांत तिथून डाग वर येण्याची शक्यता बरीच असते. माझ्या वहीत असे भाकीत जेव्हा खरे ठरते तेव्हा अजूनही आनंद होतो.

मग १० मिलिमीटरची नेत्रिका लावा, ७५ पट. आता डाग. मधला काळा भाग म्हणजे प्रच्छाया, भोवतीचा करडा भाग उपच्छाया. प्रच्छाया काळी दिसते ती शेजारच्या तुलनेत. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर डागाचा गाभा ३,५०० ते ४,००० अंशांच्या आसपास. तो डाग उचलून रात्रीच्या आकाशात एकटा ठेवला तर पौर्णिमेच्या चंद्राहून प्रखर तळपेल. तिथले चुंबकीय क्षेत्र इतके जोरदार असते की खालून उष्णता घेऊन येणारा वायू वर यायचा थांबतो आणि ती जागा थंड पडते. डागांत चुंबकीय क्षेत्र असते हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून दाखवले. आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९०९ मध्ये, आपल्या कोडाईकनाल वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांना उपच्छायेतला वायू बाहेरच्या दिशेने वाहताना सापडला. आजही जगभर त्याला एव्हरशेड परिणाम म्हणतात. हवा क्षणभर थांबली की उपच्छायेत मध्यापासून बाहेर जाणारे केसासारखे बारीक तंतू दिसतात. वायू वाहतो आहे हे दुर्बिणीत दिसत नाही, पण काय पाहतो आहोत हे माहीत असले की नजर तिथून हलत नाही.

मोठ्या डागात कधीकधी प्रच्छायेला आरपार चिरत जाणारी उजळ पट्टी दिसते, तिला प्रकाशसेतू म्हणतात. ती दिसली की रोज त्याच डागाकडे परत या, कारण अनेकदा डाग तिथूनच फुटतो. दुसरी एक मौज डाग कडेजवळ गेल्यावर असते. कडेकडची उपच्छाया रुंद राहते आणि मध्याकडची आक्रसून जाते. डाग म्हणजे उथळ बशी असावी तसे दिसते. ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सन यांनी हे १७६९ मध्ये टिपले होते. डागातला वायू जास्त पारदर्शक असल्यामुळे तिथे आपल्याला आजूबाजूपेक्षा खोलवरचे दिसते, म्हणून हा खोलगटपणा. प्रत्येक डागात दिसतोच असे नाही. गोल, शांत, एकटा डाग कडेला आला तर मात्र ती सकाळ सोडू नका.

आणि कणिका. हवा खरोखर उत्तम असेल तर ७५ ते १०० पटीवर सगळी थाळी खडबडीत, दाणेदार दिसते, रवाळ तुपासारखी. तो दोष फिल्मचा नाही. प्रत्येक दाणा सुमारे हजार किलोमीटरचा. खालून तापून वर आलेला वायू मध्ये उजळ दिसतो आणि थंड होऊन कडेने खाली उतरतो. दहाएक मिनिटांत एक दाणा विरून दुसरा तयार होतो. आपल्याकडून पाहता सूर्यावरचे हजार किलोमीटर म्हणजे दीड सेकंद कोनाहून कमीच, म्हणून दुपारी ते दिसण्याची आशाच नाही. साधा हिरवा फिल्टर नेत्रिकेला लावलात तर दाणे जास्त उठून दिसतात, अर्थात तोंडावरची फिल्म जागेवर असतानाच. दुर्बिणीला बोटाने हलकी टिचकी मारून पाहा. स्थिर प्रतिमेत न जाणवणारे दाणे हलत्या प्रतिमेत चटकन डोळ्यात भरतात. ही युक्ती मला एका ज्येष्ठ निरीक्षकाने शिकवली, आणि मी ती प्रत्येकाला शिकवतो.

आता पेन्सिल. माझ्या मते सूर्यनिरीक्षणाचा खरा गाभा हाच आहे आणि बहुतेक जण तोच टाळतात, चित्रकला येत नाही म्हणून. चित्रकला लागत नाही. कंपासने १५० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा, त्याच्या शंभर झेरॉक्स काढून ठेवा. दुर्बिणीची मोटर बंद केली की सूर्य दृश्यातून सरकायला लागतो. ज्या बाजूने तो बाहेर जातो ती पश्चिम. आपल्या व्यासाइतके सरकायला त्याला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पश्चिमेची खूण कागदावर करा आणि मग डाग जागच्या जागी मांडा. तारीख, वेळ, हवा कशी होती, एवढे खाली लिहा. या कागदावर पृथ्वीचा व्यास १.४ मिलिमीटर येतो, म्हणजे मोहरीचा बारीकसा दाणा. मी वर्तुळाच्या कोपऱ्यात तेवढा ठिपका काढून ठेवतो. मोठा गट आला की त्याच्या शेजारी तो ठिपका पाहावा.

दुसऱ्या दिवशी तोच डाग काढलात की गंमत सुरू होते. सूर्याच्या फिरण्यामुळे डाग रोज साधारण १३ अंश सरकतो. थाळीच्या मध्यावर असेल तर तुमच्या कागदावर एका दिवसात सुमारे १७ मिलिमीटर पुढे जाईल. पण नुकताच पूर्व कडेवर उगवलेला डाग पहिल्या दिवशी जेमतेम दोन मिलिमीटर हलतो. सारखाच वेग, पण कडेला तो आपल्याकडे तोंड करून येत असतो. सूर्य गोळा आहे हे शाळेत वाचलेले असते, तुमच्या हातच्या सात कागदांतून ते सिद्ध होते. कडेपासून कडेपर्यंत जायला डागाला तेरा-चौदा दिवस लागतात, आणि टिकला तर साधारण सत्तावीस दिवसांनी तो पुन्हा त्याच जागी येतो. जून आणि डिसेंबरच्या सुरुवातीला डागांच्या वाटा सरळ दिसतात, मार्च आणि सप्टेंबरमध्ये वाकलेल्या, कारण सूर्याचा अक्ष सव्वासात अंशांनी कललेला आहे. हे पुस्तकात वाचून कळते, पण पटते ते स्वतःच्या चित्रांवरून.

चित्र झाले की मोजणी. स्वित्झर्लंडचे रुडॉल्फ वुल्फ यांनी १८४८ मध्ये घालून दिलेली रीत आजही तीच आहे. डागांच्या गटांची संख्या गुणिले दहा, अधिक सुटे डाग. तीन गट आणि त्यांत मिळून चौदा डाग असतील तर तुमचा आकडा ४४. प्रत्येकाची दुर्बीण आणि नजर वेगळी, म्हणून जगभरचे आकडे एकत्र करताना प्रत्येकाला एक गुणक लावतात. तुमचा आकडा इतरांपेक्षा कमी आला म्हणून तो बदलायचा नाही. रोज एकाच पद्धतीने मोजलेला कमी आकडा कामाचा, अंदाजाने वाढवलेला नाही. डागांची संख्या साधारण अकरा वर्षांत वाढून पुन्हा कमी होते, त्याला सौरचक्र म्हणतात. सध्याचे पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये शिखराला पोहोचले. आता उतार आहे, पण मोठे गट उतारावरही येतात. चक्राच्या सुरुवातीला डाग विषुववृत्तापासून लांब, तीसेक अंशांवर उगवतात आणि जसे चक्र सरते तसे विषुववृत्ताकडे येतात. म्हणजे तुम्ही आता सुरुवात केलीत तर येत्या काही वर्षांत तुमच्याच वहीत डाग मध्याकडे सरकताना आणि मग पुढच्या चक्राचा पहिला डाग वर, लांब कुठेतरी उगवताना दिसेल.

पांढऱ्या प्रकाशात, म्हणजे अशा साध्या फिल्ममधून, सूर्यावरचा स्फोट दिसतो का, असे पुष्कळ जण विचारतात. फार क्वचित. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन इंग्लंडमध्ये पडद्यावर सूर्याची प्रतिमा घेऊन डागांचे चित्र काढत होते. एका मोठ्या गटावर अचानक दोन झगझगीत पांढरे तुकडे उमटले. साक्षीला कुणाला तरी बोलवावे म्हणून ते धावत गेले आणि मिनिटभरात परतले, तोवर तेज ओसरायला लागले होते. पाच मिनिटांत सगळे संपले. त्यानंतर एक दिवसही पुरता उलटला नाही तोच पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकले, आणि त्याची फार मोलाची नोंद आपल्या मुंबईत आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आकडा सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) खाली गेलेला टिपला गेला. मे २०२४ मध्ये ३६६४ क्रमांकाच्या डागांच्या गटाने तसाच धुमाकूळ घातला, लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश उमटला. तो गट इतका मोठा होता की ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय दिसत होता. त्या आठवड्याची माझी पाच चित्रे आहेत. पाचव्या दिवशी कागदावर तो गट मोहरीच्या दाण्यांची माळ ओवावी तसा पसरला होता.

आता तुमच्या लाल ज्वाळा. तुमची फिल्म दीप्तिगोल दाखवते, ज्वाळा त्याच्या वरच्या थरातून, वर्णगोलातून उठतात. त्या मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.२८ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात तळपतात आणि दीप्तिगोलाच्या झोतापुढे लपून जातात. त्या दिसण्यासाठी तेवढा एकच रंग, एक अँगस्ट्रॉमहूनही (म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही) अरुंद पट्टीत वेगळा काढावा लागतो. ते काम करणारी हायड्रोजन-अल्फा सौरदुर्बीण वेगळी असते आणि लहानशीच घेतली तरी आपल्याकडे पोहोचेपर्यंत खिसा बराच हलका करते. एक गोष्ट ठळक सांगतो. तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठी ‘हायड्रोजन-अल्फा’ याच नावाने जे स्वस्त लाल फिल्टर मिळतात, ते सूर्यासाठी नाहीत. नाव सारखे पाहून कुणी ते दुर्बिणीला लावून सूर्याकडे वळले तर डोळा जाईल.

या ज्वाळांचा आपल्या मातीशी एक धागा आहे, आणि तो नेहमी चुकीचा सांगितला जातो म्हणून लिहितो. विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असे आपण ऐकत आलो आहोत. १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हते. आंध्रातल्या गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पीएर जान्सेन यांनी ज्वाळांच्या वर्णरेषा पाहिल्या आणि ग्रहण सुटल्यावरही त्या पाहता येतात हे दुसऱ्याच दिवशी ओळखले. लॉकियर यांनी तेच ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय करून दाखवले. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक नायगमवाला जेऊरला गेले होते. ती वेधशाळा पुढे बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. हा इतिहास आहे तसाच पुरेसा मोठा आहे. आज सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या आदित्य-एल१ यानावर बसून अतिनील प्रकाशात सूर्याची चित्रे घेणारी सुट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली, हेही त्याच ओळीत येते.

तर हायड्रोजन-अल्फा घ्यायची का? एक पूर्ण हिवाळा थांबा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेआठ ते दहा, आठवड्यातून निदान चार चित्रे. तेवढ्यात तुमच्या जागेवर हवा किती वाजेपर्यंत टिकते हे तुम्हाला मिनिटांच्या हिशेबात कळलेले असेल, आणि महागडी दुर्बीण त्याच हवेतून पाहणार आहे. उद्यापुरते एवढेच करा: फिल्म दिव्यासमोर तपासा, डोक्यावर कापड घ्या आणि पूर्वेची कड पाच मिनिटे नुसती पाहत राहा. फिक्या धाग्यांचा पुंजका दिसला तर त्या जागी कागदावर बाण काढून ठेवा आणि परवा सकाळी पुन्हा तिथेच पाहा.